मोडलेला बेत आणि उभे राहिलेले गाव

वयाच्या विसाव्या-बाविसाव्या वर्षी आखलेला जीवनक्रम परिस्थितीच्या फेऱ्यात सापडून विस्कटला, म्हणजे तरुणाला आपला मार्गच खुंटला असे वाटू लागते; आणि ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला पुण्यास ठेवलेले असते, त्या घराला तर ते दिवाळेच वाटते. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यांतून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी सदाशिव पेठेत जाऊन राहिलेली कितीतरी मुले आज या अवस्थेतून जात आहेत, कारण जागा मोजक्या आणि उमेदवार अगणित. त्यांच्यापुढे ठेवावे असे उदाहरण त्यांच्याच जिल्ह्यात, अहिल्यानगर शहरापासून सुमारे सतरा किलोमीटरांवर, हिवरे बाजार येथे आहे.

वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस, उघडेबोडके डोंगर, १९७२ च्या दुष्काळाने मोडलेला कणा, गावात दारू आणि तंटे, अशी या गावाची स्थिती होती. येथे बदली होणे म्हणजे शिक्षाच, अशी सरकारी नोकरवर्गात समजूत होती. या गावातील पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण. क्रिकेटमध्ये नाव काढावे ही त्यांची आकांक्षा होती, घरच्यांच्या आशाही तिकडेच लागलेल्या होत्या, आणि ते न साधले तर शहरात एखादी प्रतिष्ठेची नोकरी पत्करावी, असा सरळ हिशेब होता. परंतु गावच्या तरुणांनी सरपंचपदासाठी आग्रह धरला, आणि घरच्यांची नाराजी पत्करूनही १९८९ मध्ये ते बिनविरोध निवडून आले. मैदानाचे स्वप्न मागे पडले.

याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी असेच वळण घेतले होते. दादरला फुले विकून उपजीविका करणारा, पुढे सैन्यात वाहनचालक झालेला आणि १९६५ च्या युद्धात खेमकरण येथे मृत्यूच्या दाढेतून वाचलेला हा जवान १९७५ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी परतला होता. तेथील पाणलोटाचे काम पोपटरावांनी नजरेखालून घातले, आणि श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व नसबंदी ही पंचसूत्री हिवऱ्यात रुजवली. डोंगरउतारांवर समतल चर खणले गेले, ओढ्यांवर बंधारे बांधले गेले, झाडे लागली. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत दाखल झाले.

मात्र या सर्व कामांत मला विशेष अर्थपूर्ण वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाची आणि विहिरींच्या पातळीची नोंद घ्यावयाची, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढावयाचे, घरगुती वापराचे त्यानंतर, आणि उरेल तेवढ्यावर रब्बीत कोणते पीक किती क्षेत्रात घ्यावे हे भर ग्रामसभेत ठरवावयाचे. उसासारख्या तहानलेल्या पिकाला येथे मज्जाव, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी. जमेपेक्षा खर्च वाढू देऊ नये, हा वाणिज्याचा पहिला धडा ज्याने गिरवला त्याच्याच कारकिर्दीत गावाचे पाणी जमाखर्चाच्या वहीत यावे, यात मला योगायोग दिसत नाही. आणि अकरा जणांना एका सूत्रात बांधण्याची खेळाडूची सवय ग्रामसभेत वाया गेली असेल, असेही वाटत नाही. १९९५ साली दारिद्र्यरेषेखाली असलेल्या १६८ कुटुंबांची संख्या पुढे तीनवर आली, आणि २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

उलट दिशेचा दाखलाही याच जिल्ह्यातला. श्रीरामपूरचा झहीर खान अभियंता होण्याच्या विचारात होता, आणि वडिलांच्या पाठबळावर तो विचार सोडून वेगवान गोलंदाज झाला. एकाने क्रिकेट सोडले, दुसऱ्याने क्रिकेट धरले. तेव्हा अमुक क्षेत्र श्रेष्ठ असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. नव्या कामाला दोघांनीही दुय्यम लेखले नाही, ही त्यांच्यातील समान गोष्ट.

परीक्षेचा निकाल विरुद्ध गेलेल्या तरुणाने म्हणूनच गेलेल्या वर्षांचा शोक करण्याआधी त्या वर्षांची जमेची बाजू लिहून काढावी: वाचनाची बैठक, कायद्याची ओळख, प्रशासनाची जाण. ज्याने राज्यघटना आणि पंचायतराज मन लावून अभ्यासले, त्याची गरज गावच्या सोसायटीला, दूधसंस्थेला, ग्रामपंचायतीला आहे. आणखी किती प्रयत्न करावयाचे याची मुदत त्याने स्वतःच ठरवावी, आणि मुदत सरल्यावर जे काम हाती घ्यावे ते दुसरे काही मिळेपर्यंतची सोय म्हणून नव्हे, तर आपले म्हणून घ्यावे. आईबापांनीही परतलेल्या मुलाला लोक काय म्हणतील हे विचारू नये. तुला काय येते, आणि येथे कशाची निकड आहे, हे विचारावे. या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे जेथे एकत्र येतात, तेथून दुसरा आरंभ करता येतो, आणि तो पहिल्याहून मोठा ठरू शकतो, याची साक्ष हिवरे बाजारने दिली आहे.