९९९ बायका, आणि त्यातला एक पुरुष

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की एक प्रश्न येतोच: यादीत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही? यासाठी आज एक उदाहरण चक्क कलेतून देते.

अमेरिकन कलाकार जूडी शिकागो हिने १९७४ ते १९७९ या काळात अनेक सहकाऱ्यांना घेऊन 'द डिनर पार्टी' घडवली. त्रिकोणी टेबल, प्रत्येक बाजू ४८ फूट, बाजूला १३ याप्रमाणे ३९ ताटं. इतिहासाने बाजूला सारलेल्या स्त्रियांसाठी वाढलेली पंगतच म्हणा. आठ धूमकेतू शोधणाऱ्या कॅरोलिन हर्शेलचंही त्यात ताट आहे (आम्हा सायन्सवाल्यांचं लक्ष आधी तिथेच जाणार). टेबलाच्या मधल्या फरशीवर सोनेरी अक्षरांत आणखी ९९९ नावं.

ही नावं निवडताना कसोट्या ठरवल्या होत्या. तिने समाजाला काही मोलाचं दिलं का? इतर स्त्रियांची स्थिती सुधारायची धडपड केली का? तिच्या आयुष्यातून स्त्रियांच्या इतिहासाचा एखादा पैलू दिसतो का? म्हणजे आपल्या भाषेत, इन्क्लुजन क्रायटेरिया. तरीही ३९ मध्ये कृष्णवर्णीय स्त्री एकच, सोजर्नर ट्रुथ, यावर टीका झाली. आणि भारतातून कोण? काली. तीही देवी!

पण खरी गंमत फरशीवर आहे. तिथलं एक नाव 'क्रेसिला'. हा मुळात क्रेसिलास, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक शिल्पकार. पुरुष. प्लिनीने पहिल्या शतकात शिल्पकारांच्या एका स्पर्धेची गोष्ट लिहिली, त्यात याचा तिसरा नंबर. लगेच पुढे चौथा 'किडॉन'. आता क्रेसिलास होता किडोनिया गावचा. म्हणजे प्लिनीने गावाच्या नावाचाच वेगळा माणूस केला असावा, असं अभ्यासक मानतात.

पुरावा तुमच्या बाजूने बोलत असेल तर तो तपासायची घाई नसते, कारण तो हवाच असतो. विसरलेल्या शिल्पकार बाई शोधताय आणि एक सापडली, तर मूळ ग्रंथ कोण उघडणार? म्हणून लिटरेचर रिव्ह्यूत गृहीतकाला साथ देणारे संदर्भही विरोधी संदर्भांइतक्याच कडकपणे मुळापर्यंत तपासा.

ही कलाकृती आता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये कायमची आहे. फरशीची माहिती देताना म्युझियम सरळ लिहितं: ९९८ स्त्रिया आणि एक पुरुष.