टर्नरला ते सुचलं असतंच का?

पेटंटचा अर्ज तयार करताना मला सगळ्यांत जास्त झुंजवतो तो एकच प्रश्न: ही युक्ती त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचली असती का? वस्तू नवी आहे की नाही, हे जुनी कागदपत्रं धुंडाळून ठरवता येतं. सुचण्याचं तसं नाही. त्यासाठी कारागिराच्या डोक्यात शिरावं लागतं, आणि तेही अर्जाच्या तारखेच्या आधीच्या.

लघुउद्योजक भेटायला आले की मी त्यांना मिर्झापूरचा खटला सांगतो. तिथे पितळेची, जर्मन सिल्व्हरची भांडी बनत. उथळ थाळी लेथवर चढवायची, तर ती हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाला, गरम केल्यावर मऊ होणाऱ्या मसाल्यानं चिकटवत, नाहीतर चकच्या जबड्यात धरत. समोरून आधार नाही. फिरती थाळी सुटून उडायची आणि कामगाराच्या जिवावर बेतायचं. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजनं समोरून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचा, दाब दिला. धोका टळला, कामाला वेग आला, १९५१ पासूनचं पेटंटही मिळालं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम ही फर्म तीच पद्धत वापरत होती, म्हणून दावा लागला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केलं, खंडपीठानं ते टिकवलं. अखेर १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्दच ठरवलं. टेलस्टॉकनं वस्तू दाबून धरणं लेथवर कितीतरी आधीपासून चालत होतं. निकालपत्रात न्या. सरकारियांनी याला वर्कशॉपमधली सुधारणा म्हटलं.

मला हा निकाल मनापासून पटतो. अशा सुधारणा लेथवर काम करणारा चांगला टर्नर रोज करतो. त्यातली एखादी आजच्या कायद्याप्रमाणे २० वर्षं एकाच्याच मालकीची झाली, तर शेजारच्या शेडमधल्या माणसानं थाळी धरायची कशी?

उलट अन्यायही होतो, आणि तो मला जास्त छळतो. उत्तर समोर आलं की कोणतंही कोडं सोपंच वाटतं. खरोखरीचा शोधही मग ‘यात काय विशेष?’ म्हणून उडवला जातो. म्हणून मी आधी विचारतो, ही अडचण किती वर्षांची? आणखी कोणी हात घातला होता? का जमलं नाही? धंद्यातले जाणकार वर्षानुवर्षं अडून राहिले असतील, तर ‘हे कुणालाही सुचलं असतं’ म्हणणं कठीण जातं. फसलेले नमुने आणि तारीख घातलेली जुनी ड्रॉइंगं भंगारात देऊ नका, हे माझं सांगणं त्यासाठीच असतं.