काचबिंदूचे थेंब आणि डोळ्यांची काच

काचबिंदू जडल्याचे कळले तेव्हा आम्ही फारसे घाबरलो नाही. आमचे सुरतेचे शेजारी ज्याला 'झामर' म्हणतात तो हाच, एवढे ठाऊक होते. आणि मोतीबिंदूप्रमाणे हाही एकदा काढून टाकला की सुटलो, अशी भाबडी समजूत होती. वस्तुस्थिती निराळी आहे. मोतीबिंदूने झाकलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने नेलेली मिळत नाही. डोळ्यातील दाब खाली राखून उरलेला दृष्टिमज्जातंतू जपावयाचा, त्यासाठी रोजचे थेंब.

काही महिन्यांनी डोळे चुरचुरू लागले. उत्तरपत्रिका तपासताना अक्षरे पुसट होत, पापणीखाली वाळूचा कण फिरल्यासारखे वाटे. औषधच बाधते आहे असे ठरवून आम्ही ते परस्पर बंद केले. डोळे निवले! आपल्या तर्काचा थोडा अभिमानही वाटला. दीड महिन्याने तपासणीस गेलो, तो दाब पुन्हा चढलेला. ना दुखले, ना खुपले.

तर्क निम्मा खरा होता. बुबुळापुढील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे. त्यावर अश्रूंचा तलम थर. कुपीतले औषध दूषित होऊ नये म्हणून पुष्कळदा त्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते. त्याची जात साबणाची. जंतू मारता मारता ते अश्रूंचा थरही फोडते आणि पारपटलाच्या वरच्या पेशींना इजा करते. डॉक्टरांनी नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा इजा झालेल्या जागी हिरवे ठिपके चमकले. डोळ्यांतून पाणी गळत असता 'डोळे कोरडे आहेत' असे त्यांनी म्हणावे, याचे आम्हास नवल वाटले. पण ते पाणी चुरचुरीने येते, त्याने थर सांधत नाही.

मूळ औषधही कधी कारण ठरते. टिमोलॉलने अश्रू कमी होऊ शकतात व पारपटलाची संवेदना मंदावू शकते. पारपटलाच्या आतल्या बाजूच्या पेशी त्यातील पाणी सतत उपसत असतात. त्या आधीच विरळ झाल्या असतील तर डॉर्झोलमाइडने पारपटल सुजण्याचा संभव असतो, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. वरचा थर मात्र बहुधा भरून येतो. म्हणजे चुरचुरीला उपाय आहे, गेलेल्या दृष्टीला नाही. आणि आम्ही नेमका उलटा सौदा केला होता.

डॉक्टरांनी औषध तेच ठेवले, परंतु संरक्षक द्रव्याविना मिळणारे दिले. ते महाग पडते. जोडीस कृत्रिम अश्रू. एका वेळी एकच थेंब पुरतो. तो घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा दोनेक मिनिटे दाबून धरावा, आणि दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे, हेही तेव्हाच कळले. पूर्वी आम्ही खात्रीसाठी तीन-तीन थेंब ओतीत असू.

आता कुपी सौभाग्यवतींच्या ताब्यात आहे. गेल्या तपासणीत दाब खाली होता, हिरवे ठिपके तुरळक.