एस.टी.नं जाता येणारं क्रिकेट

आमची सांगवी नीरेच्या काठी, बारामती-फलटण रस्त्यावर. पुण्यातलं कुठलंही ठिकाण आम्ही स्वारगेटपासून मोजतो, कारण एस.टी. तिथं सोडते. पुण्याच्या क्रिकेट मैदानांचा इतिहासही मी याच मापानं सांगणार.

सगळ्यात जुनं ते कॅम्पातलं, पूना क्लबचं. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी तिथं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम हाताशी आलेला. तेवढ्यात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. पाहुण्यांनी असं वागावं? निंबाळकरांना पुढं एकही कसोटी मिळाली नाही, याचा राग मला त्याहून जास्त.

मग १९६९ साली महापालिकेचं नेहरू स्टेडियम झालं, तेही थेट स्वारगेटला. आमच्यासारख्यांची सोयच झाली. पहाटेची गाडी पकडायची, भाकरी-चटणी बांधून घ्यायची आणि उतरलं की चालत गेटवर. ५ डिसेंबर १९८४ ला इथं इंग्लंडविरुद्ध वेंगसरकरनं १०५ केल्या, पण गॅटिंगच्या नाबाद ११५ नं त्या पुसून टाकल्या. आम्ही हरलो.

या मैदानाचा खरा दिवस मात्र २९ फेब्रुवारी १९९६. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख, विश्वचषकाचा सामना, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. केनियाचे १६६ झाले तेव्हा लोकांनी पैज लावायचंही सोडून दिलं होतं. आता लारा येईल, मारील, आणि आपण लवकरची गाडी पकडू. लारा आला आणि रजब अलीच्या चेंडूवर यष्टीमागं तारिक इक्बालकडं झेल देऊन ८ धावांत गेला. त्यानंतर कर्णधार ओडुंबेनं तीन बळी काढले. दोन वेळा जगज्जेते ठरलेला संघ ९३ त गारद, केनिया ७३ धावांनी विजयी. दुबळ्याच्या बाजूनं ओरडायला पुणेकरांना कुणी शिकवावं लागत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

पुढं क्रिकेट संघटना आणि महापालिका यांचं जमेना. संघटनेनं एक्स्प्रेसवेजवळ गहुंज्याला स्वतःचं स्टेडियम बांधलं. २०१२ पासून मोठे सामने तिकडंच. इमारत देखणी, मायकेल हॉपकिन्सच्या कंपनीची रचना. खेळपट्टी मात्र लहरी. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ओकीफनं दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेऊन भारताला ३३३ धावांनी हरवलं. २०१९ ला तिथंच कोहलीनं नाबाद २५४ केल्या. २०२४ ला न्यूझीलंडच्या सँटनरनं सामन्यात १३ बळी टिपले. हे सगळं मी टीव्हीवर पाहिलं. स्वारगेटहून गहुंजे गाठायचं आणि रात्री परत फिरायचं, हे मोटार असणाऱ्यांचं काम.

बारामती आणि क्रिकेट म्हटलं की लोकांना पवारसाहेबांची अध्यक्षपदं आठवतात. मला त्यांचे सासरे सदू शिंदे आठवतात. लेगस्पिनर. १९५१ ला दिल्लीत इंग्लंडचे ९१ धावांत ६ बळी घेतलेले, आणि १९५५ मध्ये ऐन तिशीत गेलेले. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर फेब्रुवारी २०२० मध्ये महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला. सांगवीहून हे मैदान पुण्याच्या मानानं अगदी जवळ. अडचण एकच, फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम, आणि तोड आलेली असताना ऊस सोडून चार दिवस मॅच बघत बसणाऱ्याला घरात कोण जेवायला वाढणार?