अडीच घरांचा रोबो

नागपूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा ई-मेल आला. तो आणि त्याचे मित्र मिळून एक युद्धाचा कॉम्प्युटर गेम तयार करताहेत. त्यात रणगाडे आहेत आणि पायांवर चालणारे रोबोही आहेत. तोफा दोघांनाही, चिलखत दोघांनाही. पण खेळून पाहणाऱ्यांना दोघांत काही फरकच जाणवत नाही. चित्रांची अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी त्याची तक्रार. मग फरक ठेवायचा तरी कशात?

दिव्या देशमुखच्या गावातून हा प्रश्न यावा याची गंमत वाटली. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून तिनं महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. ज्या पटावर ती खेळते, त्या पटानं हा प्रश्न हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलाय.

बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. आज आपण कोपऱ्यात ज्याला हत्ती म्हणून बसवतो, तो मुळात रथ. त्याची चाल बघा. सरळ रेषेत हवं तेवढं लांब जातो, पण वाटेत एक क्षुल्लक प्यादं उभं असलं की संपलं. घोड्याची अडीच घरं. मध्ये कोण उभं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पाय जिथं टेकणार, ते घर ठीक असलं की झालं. रोबोशास्त्राची पुस्तकं चाक आणि पाय यांतला फरक नेमका असाच सांगतात. चाकाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग वाट लागते. पायाला सुटे सुटे टेकू पुरतात, मधल्या जागेत खड्डा असो की दगड. उड्या मारणारे, तोल सांभाळणारे यंत्रपाय बनवणाऱ्या मार्क रेबर्टनं १९८६ च्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच या मुद्द्यानं केली आहे. पटावरचा घोडा कुणी घडवला त्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

जुन्या हत्तीची चाल तर याहून मजेदार होती. अकराव्या शतकात अल-बिरुनी या विद्वानानं इथला खेळ पाहून लिहून ठेवलंय की हत्ती एक घर सरळ पुढे जातो, किंवा चार कोपऱ्यांपैकी कुठल्याही कोपऱ्याकडे एक घर तिरका. एकूण पाच घरं. का पाच? लोकांनी त्याला सांगितलं, चार पायांची चार आणि पाचवं सोंडेचं! प्राण्याचं शरीरच चालीत उतरवलं होतं. जपानी शोगीतला रौप्य सेनापती अजूनही तसाच चालतो. आपल्याकडे मात्र रथ गेला, त्याच्या जागी हत्ती आला आणि चार पायांचं जनावर चाकाच्या चालीनं धावू लागलं. विद्यार्थ्याच्या गेमला जो आजार झालाय, तोच हा.

रणांगणातून रथ हटले याला कारणं बरीच, पण त्यातलं एक पायाखालचं. इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या मुलानं अलेक्झांडरवर रथ घातले. रात्रभराच्या पावसानं चिखल झाला होता आणि रथ रुतून बसले, असं ग्रीक-रोमन इतिहासकार सांगतात. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं त्यामागे शाप होता म्हणतात. जुलैत काळ्या मातीत बैलगाडी घातलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला शापाची गरज वाटणार नाही.

चाक रुततं म्हणजे नेमकं काय होतं, याचा हिशेब मांडला मेचिस्वाफ बेकर या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्यानं. मऊ जमिनीत चाक दबतं आणि आपल्याच पुढ्यात मातीचा उंचवटा तयार करतं. मग तो चढायला जातं, तर पुढे नवा उंचवटा तयार. म्हणजे सपाट शेतातही चाक कायम चढणीवरच असतं. पायही खड्डा करतो, पण मागे रेटताना त्याच खड्ड्याची कड आधाराला येते, आणि दोन पावलांमधली जमीन दाबण्यात शक्ती खर्च होत नाही. १९५६ साली बेकरचा ग्रंथ आला. पुढे १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी पळवली, तिच्यामागे याच माणसाचं काम होतं. अंतराळवीरांची नावं शाळेतली मुलं पाठ करतात. धुळीत चाक रुतू नये म्हणून आयुष्य घालवणाऱ्या बेकरचं नाव कुणी घेत नाही. मला हा अन्यायच वाटतो.

गेम बनवणाऱ्यांपैकी काहींना हे कळलं होतं. १९९७ च्या ‘टोटल ॲनायलेशन’मध्ये ख्रिस टेलरनं जमिनीला खरोखरची उंची दिली आणि प्रत्येक यंत्राला किती चढ झेपेल याचा आकडा ठरवला. पायांचे रोबो उभी टेकडी चढत, गाड्या वळसा घालून येत. सपाटीवर मात्र गाड्यांची सरशी. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्टारक्राफ्ट’मध्ये दोन पायांचा गोलायथ आहे, पण त्याला पाय असून उपयोग शून्य, तो रणगाड्याच्याच वाटेनं जातो. बारा वर्षांनी दुसऱ्या भागात ही चूक सुधारली. त्यातला लांबलचक पायांचा कोलोसस कडे सहज उतरतो-चढतो, पण इतका उंच की विमानं पाडणारी शस्त्रंही त्याला लागतात. गुणाची किंमत गुणातूनच वसूल केली, हे मला फार आवडलं.

आता चालणाऱ्या महाकाय यंत्रांबद्दल थोडं थंड पाणी. सिनेमात दिसणारा शंभर टनी दोन पायांचा राक्षस दर पावलाला सगळं वजन एका तळव्यावर टाकतो. रणगाड्याचे पट्टे वजन पसरवतात; चौखूर उधळलेल्या घोड्याच्या टापेखालचा दाब रणगाड्याखालच्या दाबापेक्षा जास्त असतो. काळ्या मातीत तो राक्षस गुडघ्यापर्यंत जाईल. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या राल्फ मोशरनं अमेरिकी लष्करासाठी चार पायांचा ट्रक बनवला होता. चालकानं हातांनी पुढचे पाय आणि पायांनी मागचे पाय हलवायचे. ट्रक चालला, पण चालकच थोड्या वेळात दमून जाई. मग रेबर्टच्या कंपनीचा सामान वाहणारा चौपायी रोबो आला. २०१५ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांनी तो बाजूला ठेवला, कारण इंजिनाच्या आवाजानं शत्रूला आधीच खबर लागली असती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सेनादिनाच्या संचलनात आपले यांत्रिक ‘खेचर’ ऐटीत चालले. टाळ्या मीही वाजवल्या असत्या. पण बारा-पंधरा किलोंच्या वर त्यांच्यावर लादता येत नाही आणि बॅटरी उतरली की तेच ओझं होतात. जिवंत खेचर त्याच्या कितीतरी पट माल नेतं आणि वाटेत गवत खातं.

तेव्हा रोबोला जास्त तोफा देऊन वेगळेपण येणार नाही. नकाशा आधी हवा. १८१७ मध्ये जिथं आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांशी लढलं, त्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांचाच घ्या. गाड्यांना रस्त्यानंच वर जाऊ द्या, रोबो कुठूनही चढू देत, पण सपाटीवर त्यांचं इंधन भराभरा संपू दे. रोबोचा एक पाय तुटला तर तोल जाऊ दे; गाडीचं एक चाक गेलं तरी ती फरफटत चालू दे. आणि पाऊस घाला. नागपूरच्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील चढवतात. पाती चिखलात रुतून रेटतात, म्हणजे चाकालाच जणू पावलं फुटतात. ही चाकं घालून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आणला तर रस्ता सोलून निघतो. गेममध्ये हे असं ठेवता येईल: चाकाच्या गाडीला केज व्हील चढवायला एक डाव खर्च, उतरवायला आणखी एक, आणि तेवढ्या वेळात शत्रूचे रोबो बांधावरून पलीकडे.