उन्हाळ्यात घर गार ठेवा, काच जपा

मार्च सरला की विदर्भ-मराठवाड्यात उन्हाचे चटके सुरू होतात. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही आणि रात्री झोपवत नाही. उन्हाचा त्रास केवळ बाहेर राबणाऱ्यालाच होतो असे नाही. घरात असलेली म्हातारी माणसे, तान्ही मुले, बाळंतीण आणि आजारी माणूस यांनाही घरातल्या कोंडलेल्या उष्म्याने ऊन लागते. तेव्हा घर गार ठेवणे ही चैन नव्हे, ती जिवाची काळजी आहे. आणि त्यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही.

आधी छत

मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे सर्वांत जास्त ऊन छतच खाते. सिमेंटच्या गच्चीला उन्हाळ्याआधी झाडून-धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा डिंक घालावा. पत्रा असेल तर गंज खरवडून पांढरा रंग लावावा. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा-करडा पत्रा ते पिऊन घेतो. आत पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूची चटई बांधली तर पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही. मात्र चटई चुलीच्या वर आणि विजेच्या उघड्या तारांजवळ नको.

अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महापालिकेने उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. आपल्या वस्तीतही चार घरांनी मिळून चुना आणला तर एका रविवारी गल्लीभरची छते रंगवून होतील.

काच ऊन आत कोंडते

आता पुष्कळ कुटुंबे पत्र्याच्या घरातून इमारतीत आली आहेत. तेथे सरकत्या काचांच्या खिडक्या असतात. काच हाताला गार लागते, पण तिच्यातून ऊन सरळ आत येते. त्या उन्हाने फरशी, भिंती, पलंग तापतात. मग त्यांची धग काचेतून सहज बाहेर जात नाही. बंद खोली भट्टीसारखी होते ती यामुळे.

म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवावे. आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. बाहेरून बांबूची चिक, गोणपाट किंवा हिरवी जाळी लावली तर काचच तापत नाही. सगळ्या खिडक्यांना जमणार नसेल तर पश्चिमेच्या खिडकीपासून सुरुवात करावी. दुपारनंतरचे तिरपे ऊन तिच्यातूनच खोलवर येते. काचेला आतून काळा कागद चिकटवू नये. काच एका भागात जास्त तापून तडकू शकते.

सकाळी ऊन चढले की खिडक्या लावून घ्याव्यात. संध्याकाळी बाहेरची हवा निवली की समोरासमोरच्या खिडक्या उघडून रात्रभर वारा खेळू द्यावा.

कूलर, पंखा आणि ओला पडदा

वाळ्याची ताटी, ओला पडदा आणि कूलर यांचे काम एकच. पाणी वाळताना हवेतली उष्णता घेते. कोरड्या हवेत, म्हणजे नागपूर-अकोल्याकडे, हे छान चालते. मुंबईच्या दमट हवेत उपयोग थोडा. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत दमट घामट होते.

दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगही काढावा. अर्थिंगची जोडणी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, वाळवावी. त्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास वाढतात.

घरातली हवा ४० अंशांच्या वर गेली तर एकट्या पंख्यावर विसंबू नये. अंगावर ओला पंचा घ्यावा, पाणी पीत राहावे. माणूस बरळू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपली, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

काचेची निगा

तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी मारू नये. एक भाग आकसतो, दुसरा तसाच राहतो आणि काच तडकते. खिडकी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पुसावी. मगभर पाण्यात साबणाचे दोन थेंब पुरेत. मऊ सुती फडक्याने पुसून कोरड्या फडक्याने चमकवावी. राख किंवा वाळू वापरल्यास चरे पडतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात.

आरशावर पाणी शिंपडू नये, फडके ओले करून पुसावे. कडेने पाणी मागे गेले की कलई उडून काळे डाग पडतात. तसबिरीचेही तसेच. पाणी आत झिरपले तर फोटो काचेला चिकटतो. ज्या भिंतीवर ऊन येते तेथे तसबीर टांगू नये. साध्या काचेतूनही फोटो उन्हाने फिका पडतो. फ्रीजमधली काचेची फळी काढल्या काढल्या गरम पाण्यात बुडवू नये. टेबलाच्या काचेखाली रबराच्या चकत्या ठेवाव्यात.

काच फुटलीच तर मुलांना दूर करावे, पायात चप्पल घालावी. मोठे तुकडे जाड कापडाने उचलावेत आणि बारीक चुरा ओल्या वर्तमानपत्राने टिपावा. सगळे जाड कागदात गुंडाळून, दोरीने बांधून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहून वेगळे द्यावे. कचऱ्यात हात घालणारा सफाई कामगार किंवा कचरावेचक बाई आपल्यापैकीच कोणाच्या घरची असते, आणि तिचा हात कापला तर तिचा त्या दिवसाचा रोजही जातो.

ही सारी कामे एकट्या बाईच्या माथी मारू नयेत. छत रंगवणे, चिक बांधणे, कूलरची टाकी घासणे हे घरच्या पुरुषांनी व मोठ्या मुलांनी वाटून घ्यावे. उन्हाच्या झळा लागण्याआधी, होळीच्या सुमारासच, ती उरकावीत.