पॉपिंग रॉड

पॉपिंग रॉड हा गळाच्या काठीचा एक प्रकार आहे. समुद्रात पाण्याच्या पृष्ठभागाजवळ शिकार करणारे मोठे मासे कृत्रिम आमिषाने पकडण्यासाठी तो वापरला जातो. पॉपर या तरंगत्या आमिषावरून त्याला हे नाव पडले. या काठीकडून परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन अपेक्षा असतात. दिवसभरात शेकडो वेळा जड आमिष दूर फेकता यावे इतकी ती हलकी हवी आणि १० किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक ओढ सहन करता यावी इतकी ती मजबूतही हवी. त्यामुळे अशा काठीची निवड केवळ वजनाच्या आकड्यावरून होत नाही. नळीचे साहित्य, वजनाची विभागणी, वाकण्याची पद्धत आणि दोरी व आमिषाशी असलेला मेळ या सर्वांचा विचार करावा लागतो.

स्वरूप आणि वापर

पॉपरचे तोंड खोलगट असते. काठीला झटका दिला की ते पाणी ढकलते; मोठा आवाज होतो आणि फेस उठतो. स्टिकबेट हे लांबट आमिष पृष्ठभागावर किंवा किंचित खाली नागमोडी पोहते. दोन्ही आमिषे जखमी किंवा घाबरलेल्या लहान माशाचा आभास निर्माण करतात. जायंट ट्रेव्हली (शास्त्रीय नाव: कॅरँक्स इग्नोबिलिस), सुरमई, क्वीनफिश, बॅराकुडा आणि कुपा वर्गातील काही मासे त्यांवर झडप घालतात.

यांपैकी जायंट ट्रेव्हली हा मासा या काठीच्या घडणीचा मापदंड मानला जातो. तो १७० सेंटीमीटरपर्यंत लांब वाढू शकतो. गळाने पकडलेल्या माशांच्या आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार या जातीचा सर्वांत मोठा मासा ७२.८ किलोग्रॅमचा असून तो २००६ साली जपानच्या तोकारा बेटांजवळ पकडला गेला. हा मासा आमिष घेताच प्रवाळाच्या किंवा खडकाच्या दिशेने धावतो. दोरी खडकाला घासून तुटू नये म्हणून त्याला पहिल्या काही क्षणांतच रोखावे लागते. काठीच्या मजबुतीची खरी कसोटी याच वेळी लागते.

इतिहास

हलकी पण मजबूत काठी मिळवण्याचा प्रयत्न जुना आहे आणि त्यात भारतीय बांबूचेही स्थान आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या बनवल्या जाऊ लागल्या. त्यासाठी ‘कलकत्ता केन’ या नावाने भारतातून जाणारा बांबू वापरला जाई. हा बांबू म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस ही जाती असल्याचे मानले जाते. महाराष्ट्रात ती मानवेल या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकात चीनमधील टोंकिन बांबूने तिची जागा घेतली.

लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर काठी आणि दोरीने कुपा मासे पकडण्याची परंपरा आहे. समुद्रात जिवंत लहान मासे टाकून कुपा माशांचा थवा पृष्ठभागावर आणला जातो आणि बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा उचलून नावेत घेतला जातो. या काठीला रील नसते. तरीही हलक्या काठीने पृष्ठभागावरील बलवान मासा पकडण्याचे हे भारतीय उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या आणि १९७०च्या दशकात कार्बनतंतूच्या काठ्या बाजारात आल्या. आजची पॉपिंग काठी प्रामुख्याने कार्बनतंतूची असते. तिच्या विकासात जपानी निर्मात्यांचा आणि मासेमारांचा मोठा वाटा आहे.

साहित्य

काठीचा मुख्य भाग म्हणजे राळेत भिजवलेल्या तंतूंचे कापड साच्यावर गुंडाळून, तापवून बनवलेली निमुळती पोकळ नळी. तिला ब्लँक म्हणतात. काचतंतूची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, तर कार्बनतंतूची सुमारे १.८ ग्रॅम असते. काचतंतूची ताठरता सुमारे ७२ गिगापास्कल, तर सामान्य कार्बनतंतूची सुमारे २३० गिगापास्कल असते. म्हणजेच तेवढीच ताठर काठी कार्बनमध्ये बरीच हलकी बनते.

जाहिरातींत कार्बनची प्रत ‘२४ टन’, ‘३० टन’, ‘४० टन’ अशा आकड्यांनी दर्शवली जाते. हा आकडा प्रति चौरस मिलिमीटर टनांत मोजलेल्या ताठरतेचा असतो; काठी किती वजन उचलते याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. २४ टन म्हणजे सुमारे २३५ गिगापास्कल. आकडा जितका मोठा तितका तंतू ताठर असतो आणि कमी कापडात काम भागते. मात्र अतिताठर तंतू तुटण्यापूर्वी कमी ताणला जातो. उदाहरणार्थ, तोरे या जपानी कंपनीचा टी७०० हा तंतू तुटण्यापूर्वी सुमारे २.१ टक्के लांबतो, तर अधिक ताठर असलेला एम४०जे सुमारे १.२ टक्केच लांबतो. त्यामुळे सर्वाधिक ‘टनां’ची काठी सर्वांत मजबूत असेलच असे नाही. मोठ्या माशांसाठीच्या काठ्यांत मध्यम ताठरतेचे आणि चिवट तंतू बहुधा अधिक उपयुक्त ठरतात.

नळीचा व्यास वाढवून भिंत पातळ केल्यासही वजन घटते, कारण पातळ नळीची ताठरता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पण फार वाकवल्यावर अशी नळी चपटी होऊन मोडू शकते. हे टाळण्यासाठी नळीभोवती आडव्या किंवा तिरक्या तंतूंचे थर देतात. या थरांमुळे वजन थोडे वाढते. मात्र तेच वगळून मिळवलेला हलकेपणा धोक्याचा ठरतो.

वजन आणि संतुलन

या प्रकारच्या काठीचे वजन साधारणपणे ३०० ते ४५० ग्रॅम आणि तिच्यावरील रीलचे ६०० ते ८५० ग्रॅम असते. हाताला जाणवणारा भार मात्र एकूण वजनापेक्षा ते कोठे आहे यावर अधिक अवलंबून असतो. काठी फिरवताना होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काठी मुठीच्या टोकाभोवती फिरते असे धरल्यास, तेथून २.२ मीटरवरील शेंड्याशी असलेले १० ग्रॅम हे ०.५ मीटरवरील १० ग्रॅमच्या तुलनेत सुमारे १९ पट अधिक विरोध निर्माण करतात.

यामुळेच शेंड्याकडील कड्यांचे, म्हणजे दोरी ओवल्या जाणाऱ्या गाइड्सचे वजन महत्त्वाचे असते. टायटॅनियमच्या चौकटी पोलादी चौकटींपेक्षा हलक्या असतात आणि खाऱ्या पाण्याने गंजत नाहीत. सिलिकॉन कार्बाइडची कडी विणलेल्या दोरीच्या घर्षणाला टिकते आणि उष्णता लवकर पसरवते. काठी निवडताना प्रत्यक्ष वापरायचे रील लावून ती हातात धरून पाहणे आवश्यक असते. रीलविना हलकी वाटणारी काठी रील लावल्यावर शेंड्याकडे झुकू शकते. अशी काठी सतत तोलून धरावी लागत असल्याने मनगट लवकर थकते.

ताकद आणि तरफ

मासा ओढत असताना काठी तरफेसारखे काम करते आणि ही तरफ माशाच्या बाजूने असते. काठीचा तळ कमरेच्या पट्ट्यातील आधारावर टेकलेला आहे, पुढचा हात तळापासून ०.४ मीटरवर आहे आणि दोरीची ओढ तळापासून १.४ मीटर आडव्या अंतरावर लागते असे मानल्यास, १० किलोग्रॅम ओढीसाठी पुढच्या हाताला सुमारे ३५ किलोग्रॅम भार पेलावा लागतो. हात ०.६ मीटरवर नेल्यास हा भार सुमारे २३ किलोग्रॅमवर येतो. याउलट काठी पुरेशी न वाकल्याने ओढ २ मीटर अंतरावर लागत असेल, तर ०.४ मीटरवरील हाताला ५० किलोग्रॅम पेलावे लागतात.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, भाराखाली मुठीजवळपर्यंत वाकत जाणारी काठी मासेमाराचा त्रास कमी करते. नुसती ताठ काठी त्याला थकवते. दुसरा, पुढची मूठ लांब असणे फायद्याचे असते. चांगल्या काठीचा शेंडा आमिष फेकण्यासाठी आणि खेळवण्यासाठी लवचिक, मध्यभाग क्रमाने वाकणारा आणि तळ भक्कम असतो.

निवडीचे निकष

काठीची निवड सहसा काठीपासून सुरू होत नाही. अपेक्षित मासा, परिसर, आमिष आणि दोरी ठरल्यावर त्यांना जुळणारी काठी निवडली जाते.

दोरी: काठीवर बहुधा पीई क्रमांक दिलेला असतो. हा विणलेल्या पॉलिइथिलीन दोरीच्या जाडीचा जपानी क्रमांक आहे. पीई १ दोरीचा व्यास सुमारे ०.१६५ मिलिमीटर, तर पीई ८ दोरीचा सुमारे ०.४७ मिलिमीटर असतो. एकाच क्रमांकाच्या वेगवेगळ्या दोऱ्यांची ताकद वेगळी असू शकते. म्हणून दोरीवर लिहिलेली तुटण्याची मर्यादा स्वतंत्रपणे पाहावी लागते.

ड्रॅग: रीलमधील ही घर्षण-यंत्रणा ठरावीक ओढीनंतर दोरी सोडू लागते. ती सामान्यतः दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतकी ठेवतात. ४५ किलोग्रॅमच्या दोरीसाठी हे प्रमाण ११ ते १५ किलोग्रॅम येते. काठीची कमाल ओढ कोणत्या कोनात मोजली आहे हेही पाहावे लागते.

आमिष: काठीवर आमिषाच्या वजनाची कमाल आणि किमान मर्यादा असते. नेहमीचे आमिष या मर्यादांच्या मधोमध असावे. कमाल मर्यादेचे आमिष पूर्ण जोराने वारंवार फेकल्यास काठीवर अनावश्यक ताण येतो.

लांबी: नावेवरून सुमारे २.३ ते २.५ मीटर लांबी सोयीची असते. खडकावरून किंवा किनाऱ्यावरून फेकण्यासाठी अधिक लांबी लागते. मात्र लांबीबरोबर माशाची तरफही वाढते.

जोड: मुठीजवळ जोड असलेल्या काठीचा वाकणारा भाग अखंड राहतो, पण तिची पिशवी लांब होते. मधोमध जोड असलेली काठी बस, रेल्वे किंवा विमानातून नेणे सोपे जाते.

दोरीच्या मर्यादेपेक्षा बरीच नाजूक काठी निवडल्यास ड्रॅग कमी ठेवावा लागतो आणि झुंज लांबते. दीर्घ झुंजीने माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि पाण्यात परत सोडल्यावर तो जगण्याची शक्यता घटते. मासा परत सोडायचा असल्यास पुरेशी मजबूत काठी आणि बिनकाट्याचा एकेरी गळ अधिक योग्य ठरतो.

गोड्या पाण्यातील काठीशी तुलना

पृष्ठभागावर आमिष खेळवण्याची पद्धत समुद्रापुरती मर्यादित नाही. बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. सिंदफणा नदीवरील माजलगाव आणि मांजरा नदीवरील धनेगाव येथील धरण हे तेथील मोठे जलाशय आहेत. मराठवाड्यातील तळी व बंधाऱ्यांत आढळणारा मरळ हा मासा पृष्ठभागावरील बेडकावर झेपावतो. त्यामुळे तो बेडकाच्या आकाराच्या तरंगत्या आमिषाने पकडता येतो. त्यासाठीची काठी सुमारे २ मीटर लांब आणि ८ ते १५ ग्रॅमचे आमिष फेकणारी असते. मरळ पाणवनस्पतींत शिरण्याआधी त्याला रोखावे लागते, म्हणून याही काठीचा तळ भक्कम लागतो.

तत्त्व समान असले तरी अशी काठी समुद्रात चालत नाही. तिच्यावर समुद्री आमिषाच्या वजनाचा आणि ड्रॅगचा भार पेलत नाही आणि साध्या पोलादी कड्या मिठाने गंजतात. गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्याकडे वळणाऱ्यांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे हाताला सवय असलेल्या वजनाची काठी शोधणे.

महाराष्ट्राचा किनारा

कोकणात गळाने मासे पकडण्यास ‘गरवणे’ म्हणतात. खाड्यांच्या मुखाशी आणि खडकाळ किनाऱ्यावर जिताडा आणि तांबोशी, तर खुल्या पाण्यात सुरमई हे गळाला लागणारे प्रमुख मासे आहेत. त्यांच्यासाठी सामान्यतः जायंट ट्रेव्हलीच्या काठीपेक्षा हलकी काठी पुरेशी होते. मोठ्या जायंट ट्रेव्हलीसाठी अंदमान बेटांचा परिसर भारतात अधिक प्रसिद्ध आहे.

राज्याच्या सागरी हद्दीतील मासेमारीस महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात वेगळे निर्बंध आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असल्याने तेथे संबंधितांची परवानगी घ्यावी लागते.

तुटण्याची कारणे आणि सुरक्षितता

काठी केवळ माशाच्या ओढीनेच तुटते असे नाही. नावेच्या कडेवर आपटल्याने किंवा जड आमिष नळीवर आदळल्याने सूक्ष्म तडा जातो आणि पुढच्या मोठ्या भाराखाली काठी त्याच जागी मोडते. मासा नावेजवळ आल्यावर काठी उभी धरल्यास सर्व भार बारीक शेंड्यावर येतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात काठी खाली ठेवून मासा जाळीने किंवा हाताने घेतला जातो. काठी मोडताना निघणाऱ्या टोकदार तुकड्यांपासून बचावासाठी चष्मा वापरणे हितावह असते. वापरानंतर काठी, कड्या आणि रीलची बैठक गोड्या पाण्याने धुतात.

कार्बनतंतू विद्युतवाहक आहे. वीजवाहक तारांखाली काठी उभी धरणे आणि विजा चमकत असताना मासेमारी चालू ठेवणे प्राणघातक ठरू शकते. तारांचा धोका समुद्राइतकाच तळ्याकाठीही असतो.